कुशाबांचा तळवा आणि मी

मी एक म्हातारा मोबाईल आहे. हसू नका, मित्रांनो. माझं वय अवघं चार वर्षं आहे, पण आमच्या जातीत चार वर्षं म्हणजे उतारवय. माझ्या पाचाच्या बटणावरचा आकडा पुसून गेला आहे. बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली आहे, त्यामुळे पाठीचं झाकण बसत नाही आणि त्याला रबर लावावा लागतो. मुळशी तालुक्यातल्या माण गावात, सगुणाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मी पडून असतो. इथं ऊन छान येतं. मला कसलीही तक्रार नाही. फक्त पूर्ण बंद पडायच्या आधी माझी हकीकत तुम्हाला सांगावी असं वाटतं.

माझा जन्म २००६ साली एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथं धुळीचा कण नव्हता. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे सुटे भाग जोडले आणि माझ्या पाठीवर वाटाण्याएवढा डोळा बसवला. डोळा नीट बसला की नाही हे बघायला एकीनं माझ्यासमोर रंगीत पट्ट्यांचा कागद धरला. मी जगात पाहिलेली पहिली गोष्ट तीच. फोटो पाहून ती मुलगी नुसती मान हलवून पुढच्या मोबाईलकडे वळली. एवढंच काय ते माझं बारसं.

मला विकत घेतलं उत्कर्षानं. ती अकोल्याची. हिंजवडीतल्या एका संगणकाच्या कंपनीत तिला नोकरी लागली होती, आणि माणमध्ये कुशाबांच्या घरावरच्या चार भाड्याच्या खोल्यांपैकी एक तिची होती. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. मुळशी धरणाचं पाणी, पावसाळ्यातले हिरवे डोंगर, ऑफिसातले वाढदिवसाचे केक, सगळं मी टिपलं. "किती स्वच्छ फोटो येतो गं तुझ्या मोबाईलचा," असं तिच्या मैत्रिणी म्हणायच्या. रोज सकाळी ती माझ्यावरून आईला निरोप पाठवायची, 'पोचले, जेवते, काळजी करू नको.' दोन वर्षं अशी गेली. मग तिनं नवा मोबाईल घेतला आणि माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली. तिथं मोडकी केसांची चिमटी होती, वाळून गेलेली नखांच्या रंगाची बाटली होती आणि चष्म्याची एकच काडी होती. मी रागावलो नाही. पण मित्रांनो, ज्याला डोळा आहे त्याला अंधार फार जड जातो.

२००८ च्या दसऱ्याला सगुणाबाई वर आल्या. त्या घरमालकीण. वय साठीच्या अलीकडचं, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं रोखठोक.

"पोरी, शेखर दिसभर टेम्पोवर असतो. घरात येक फोन असावा म्हन्ते. तुजा जुना हाय का पडल्याला?"

उत्कर्षानं मला खणातून काढलं, पुसलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. शेखर हा त्यांचा मुलगा. हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये माणसांची आणि मालाची ने-आण करायचा. त्यानं नवं सिमकार्ड घातलं. सगुणाबाई दोनच बटणं शिकल्या. हिरवं दाबलं की बोलायचं, लाल दाबलं की थांबायचं. त्यांनी खणाच्या कापडाची पिशवी शिवली आणि मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. पिशवीच्या तोंडातून मला स्वयंपाकघर दिसायचं, आणि स्वयंपाकघरात सारं घर दिसायचं.

घराचे मालक कुशाबा. गावात कंपन्या आल्या तेव्हा त्यांची बरीच जमीन गेली. उरलेल्या तुकड्यात ते अजून इंद्रायणी भात लावायचे. म्हणायचे, "खोल्यांचं भाडं खाऊन बसनारा मानूस लवकर कुजतो." त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह होता. गावात त्याला साखर म्हणतात. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, नाहीतर नाही. सुरुवातीला त्यांच्या पायांना मुंग्या यायच्या, आग व्हायची. पुढं मुंग्या थांबल्या, आगही थांबली. कुशाबांना वाटलं, पाय बरे झाले. मित्रांनो, ते बरं होणं नव्हतं. पायांनी दुखणं सांगायचंच सोडून दिलं होतं.

दिवाळी झाली. भात कापून झालं. एका रविवारी सकाळी सगुणाबाई फरशी पुसत होत्या आणि मध्येच थांबल्या. दारापासून चुलीपर्यंत तांबूस डागांची रांग गेली होती.

"अवं, हे कशाचं डाग?"

"कुत्र्याचं पाय आसतील," कुशाबा चहा पीत म्हणाले.

"कुत्र्याला येकच पाय असतो व्हय? हे बघा, येक डाग हितं, दुसरा पार तितं. तुमच्याच पावलाच्या मापाचं हाय."

कुशाबांना वाकून स्वतःचा तळवा बघता येईना. पोट आड यायचं, गुडघे आखडलेले. सगुणाबाई बसल्या, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना नुसतं काळंतांबडं काहीतरी दिसलं. तेवढ्यात उत्कर्षा रिकामा डबा परत करायला खाली आली. तिनं सारा प्रकार ऐकला आणि मला खिळ्यावरून काढलं.

"काका, पाय जरा वर करा."

"पोरी, तू माज्या पायापाशी बसू नगं. बरं दिसत न्हाई."

"मी हात नाही लावत काका. फोटो तर काढते."

कुशाबांनी नाइलाजानं पाय पाटावर ठेवला. कितीतरी दिवसांनी मला कुणी फोटो काढायला हातात घेतलं होतं आणि मी पाहिलं ते असं: करंगळीच्या खाली, तळव्याच्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढा खड्डा. कडा पांढऱ्या पडलेल्या, मध्ये काळा ठिपका. मी तो जसाच्या तसा टिपला. उत्कर्षानं मला कुशाबांसमोर धरलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"हा माजा पाय न्हाई."

"मग कुणाचा?"

कुशाबांनी माझ्याकडे बघितलं, मग पायाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "येवढं भोक पडलंय आन् मला ठावं न्हाई? आसं कसं व्हईल?"

चुलीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ती धुपत राहिली.

आता जे घडलं ते सांगायला मला बरं वाटत नाही, पण ते लपवून माझी हकीकत खरी होणार नाही. इंटरनेटवर तेव्हा मधुमेही माणसांचा एक गट होता. कुठली कुठली माणसं टोपणनावानं तिथं एकमेकांना आपली दुखणी सांगायची आणि उपाय विचारायची. उत्कर्षानं माझा फोटो संगणकावर घेतला, त्या गटावर टाकला आणि काय करावं असं विचारलं. तासाभरात अकरा उत्तरं आली. तिला केवढा आनंद झाला! संगणक घेऊन ती खाली आली आणि एकेक उत्तर वाचून दाखवू लागली. एकानं मध आणि हळद सांगितली होती. दुसऱ्यानं कसली तरी पावडर. तिसऱ्यानं लिहिलं होतं, कढत पाण्यात मीठ टाकून पाय शेकवा, आमच्या वडिलांना आराम पडला. चौथं उत्तर नाशिकच्या एका बाईंचं होतं. 'काहीही लावू नका, शेकू नका. ज्या पायाला जखम कळत नाही त्याला पाणी किती गरम आहे तेही कळत नाही. आजच डॉक्टरांना दाखवा.'

उत्कर्षानं अकराही उत्तरं वाचली. कुशाबांनी तिसरं तेवढं ऐकलं. माणसाला सोयीचं असतं तेच त्याच्या कानात शिरतं.

दुपारी सगुणाबाई पेंढा रचायला खळ्यावर गेल्या तेव्हा कुशाबांनी बंबातलं पाणी बादलीत काढलं, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि पाय बुडवून निवांत बसले. मी खिळ्यावरून बघत होतो. पाण्यातून वाफा निघत होत्या. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण मित्रांनो, कुणी हिरवं बटण दाबल्याशिवाय माझ्यातून कुणाचाही आवाज निघत नाही.

दुसऱ्या दिवशी पायाची कातडी सुटली आणि जखमेभोवती मोठा फोड आला. उत्कर्षा ऑफिसला निघाली होती, ती पाय बघून जिन्यातच रडू लागली.

"मी वाचूनच दाखवायला नको होतं काकू. सरळ डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

"तू चौथं बी वाचलंस की," सगुणाबाई म्हणाल्या. "त्या बाईचं आमी ऐकलं न्हाई, त्याला तू काय करशील? आता रडत बसू नगं. शेखरला फोन लाव."

शेखर टेम्पो घेऊन आला आणि वडिलांना पौडला घेऊन गेला. मी सगुणाबाईंच्या कमरेला पिशवीत होतो. पौडच्या एसटी स्टँडमागे डॉक्टर सुलक्षणा यांचा दवाखाना होता. डॉक्टरांनी जखम बघायच्या आधी कुशाबांना डोळे मिटायला सांगितले आणि एक बारीक दोरा पायाला लावू लागल्या.

"बाबा, लागलं की हो म्हणा."

कुशाबा डोळे मिटून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "लावा की मग. मी बसलोय."

"तिसऱ्यांदा लावलाय, बाबा."

कुशाबांनी डोळे उघडले. त्या माणसाला मी तोवर कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. शेतात साप निघाला तरी हातानं वाट दाखवणारा तो गडी. पण त्या क्षणी त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोचा पदर धरला, आणि आपण तो धरलाय हे त्यांना कळलंही नाही.

डॉक्टरांनी खड्ड्यातून भाताच्या धसकटाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा काढला. कापणीनंतर शेतात बुडखे उभे राहतात ना, त्यातलं एक. किती दिवस आत होतं कोण जाणे. सडलेला भाग कापला, इन्सुलिन सुरू केलं आणि म्हणाल्या, "पाय वाचवायचा प्रयत्न करू. जमिनीला टेकवायचा नाही. पट्टी रोज बदलायची. आणि मला तो रोज दिसला पाहिजे."

शेखर म्हणाला, "डॉक्टर, रोज न्हाई जमनार. माजी गाडी कंपनीला बांधल्याली हाय, आन् भाड्याच्या जीपात आबांचा पाय लोंबकळतच राहनार."

सगुणाबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि मला टेबलावर ठेवलं. "ह्याच्यात फोटू निगतो. रोज धाडला तर चालंल का?"

डॉक्टरांनी मला उलटसुलट करून बघितलं. "चालेल मावशी. पण दर सोमवारी इथं यायचं. फोटोत सगळं दिसत नाही. वास येतो का, पाय गरम लागतो का, अंगात ताप आहे का, हे तुम्ही बोलून सांगायचं. फोटोत जखमेशेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे जखम वाढली की आटली ते मला मापानं कळेल. आणि बाबा, कुणी इंटरनेटवर काही सांगितलं, तर ते करायच्या आधी मला विचारायचं."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझं खरं आयुष्य सुरू झालं.

फोटो काढायचा आणि डॉक्टरांच्या मोबाईलवर पाठवायचा, हे शिकायला सगुणाबाईंना आठवडा लागला. अक्षरओळख जेमतेम. माझ्या पडद्यावरच्या शब्दांच्या वाटेला त्या गेल्याच नाहीत. एकाच्या बटणावर डॉक्टरांचा नंबर ठेवून घेतला आणि त्यांनी बटणांची चालच पाठ केली. "मदलं, खाली, खाली, मदलं. थांबायचं. मदलं, येक, हिरवं." तांदूळ निवडताना, भांडी घासताना हेच पुटपुटत असायच्या. पहिल्या दिवशी मी त्यांचा अंगठा टिपला. दुसऱ्या दिवशी घराचं आढं. तिसऱ्या दिवशी नुसती काडेपेटी, फार सुंदर आली होती. चौथ्या दिवशी तळवा आला. डॉक्टरांचा लगेच फोन आला, "मावशी, दिसतंय. छान दिसतंय." सगुणाबाईंनी फोन ठेवला आणि आरशासमोर जाऊन उगीचच पदर नीट केला.

एकदा चूक झाली. बोट एका ओळीनं खाली, एकाऐवजी चाराच्या बटणावर गेलं. माझ्या पोटात उत्कर्षाच्या वेळची नावं अजून तशीच होती. फोटो गेला थेट तिच्या साहेबांना, अनिमेष यांना. ते मिटिंगमध्ये बसले होते म्हणे. पाच मिनिटांत त्यांचा फोन.

"हॅलो, कोण बोलतंय? हा कुणाचा पाय आहे?"

"आमच्या मालकांचा. तुमी कोन?"

"मी... अहो, मला का पाठवलाय?"

"चुकून आला आसंल. आता आलाच हाय तर सांगा, कालच्यापरीस बरा दिसतोय का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मी कालचा बघितला नाही, काकू. त्यांना शुगर आहे का?" सगुणाबाईंनी त्यांना धसकटापासून पट्टीपर्यंत सगळं सांगितलं. अनिमेष यांचे वडील लातूरला असत, त्यांनाही मधुमेह होता. पुढच्या सुट्टीत ते गावी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा वडिलांचे तळवे उचलून बघितले. काहीही नव्हतं, पाय धडधाकट होते. परत आल्यावर उत्कर्षाला म्हणाले, "काही नव्हतं. पण बघितले." त्यांचं हे बोलणं उत्कर्षानं खाली येऊन सांगितलं तेव्हा कुशाबासुद्धा हसले.

जखम भरत चालली होती. काडेपेटीच्या निम्म्याएवढी होती, ती पाव काडेपेटीएवढी झाली. कुशाबांना घरात बसून कंटाळा यायचा, मग ते चिडायचे. "माज्या पायाचं रोज फोटू काडतीस. लग्नात माजा येक बी काडला न्हाईस."

"लग्नात तुमी येवढं गप बसला न्हवता," सगुणाबाई म्हणायच्या.

एकोणिसाव्या दिवशी मात्र ते गप्प बसेनात. आदल्या रात्रीपासून त्यांना बारीक कसकस होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. पाय सारखा हलवत होते. धक्का लागू नये म्हणून सगुणाबाई मागं सरकल्या आणि दोन हात लांबून बटण दाबलं. फोटो वाईटच आला. जखम एवढीशी दिसत होती आणि घोटा, नडगी, लुंगीचा काठ असं नको ते सारं त्यात आलं होतं. पुन्हा काढावा की काय असं त्यांच्या मनात आलं, पण चुलीवर भात होता. त्यांनी तोच पाठवला.

भाताला वाफ यायच्या आत फोन वाजला.

"मावशी, बाबांच्या घोट्याच्या वर लाल रेघ आहे का? नीट बघा. हात लावून बघा, गरम आहे का?"

सगुणाबाईंनी हात लावला. "व्हय. तव्यावानी तापलंय."

"पेन घ्या. जिथं लाली संपते तिथं आडवी खूण करा. एका तासानं बघा आणि मला फोन करा. लाली खुणेच्या वर गेली असली तर थांबायचं नाही, पुण्याच्या हॉस्पिटलात न्यायचं. मी तिथं बोलून ठेवते."

सगुणाबाईंनी खूण केली. तासभर त्या पायापाशी बसून राहिल्या. मी त्यांच्या मांडीवर होतो. त्यांचा हात माझ्यावर होता आणि तो गार पडला होता. तास झाला तेव्हा लाली खुणेच्या दोन बोटं वर चढली होती. त्यांनी आधी डॉक्टरांना कळवलं, मग शेखरला बोलावलं. तो मारुंजीत होता, निघतो म्हणाला.

पण कुशाबा उठेनात.

"जखम भरलीया. आता पुन्याला कशापायी? तितं गेलं की पाय कापत्यात. गेनबाच्या भावाचा कापला. मी न्हाई येनार. उद्याला बघू."

सगुणाबाई रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. नवऱ्याशेजारी बसल्या आणि मला हातात घेतलं. मधलं, खाली, मधलं. त्यांनी काढलेला तळव्याचा पहिला फोटो निघाला, काळा खड्डा आणि सुटलेली कातडी. त्यांनी तो कुशाबांच्या डोळ्यापुढं धरला. मग उजवं बटण दाबलं. दुसरा. तिसरा. एकोणीस दिवसांत निघालेले सगळे तळवे मी एकामागून एक दाखवले. काडेपेटी तेवढीच राहत होती आणि खड्डा लहान लहान होत होता.

"हे बघा. रोज यवडं यवडं भरून आनलंय. निम्मं तुमी, निम्मं मी. आता हितवर आनून उद्यावर टाकताय व्हय? पाय तुमचा येकट्याचा न्हाई आता."

कुशाबांनी पहिला फोटो पुन्हा मागितला. तो बघितला, शेवटचा बघितला. बाहेर टेम्पोचा आवाज आला.

"माजं जाकीट दे," ते म्हणाले.

पुण्याच्या हॉस्पिटलात ते बारा दिवस होते. विष वर चढत होतं, ते सलाईनमधून औषधं देऊन थांबवलं. करंगळी मात्र गेली. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर गुडघ्याखालचा पाय काढावा लागला असता, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी शेखरला सांगितलं. कुशाबा शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पायाचा फोटो मागितला. चार बोटं मोजली. मग म्हणाले, "कारटं न्हानपनापासनं वाकडंच व्हतं." त्यांचं हे बोलणं ऐकून सगुणाबाई पहिल्यांदा रडल्या. हसता हसता रडल्या.

फाल्गुनात जखम पूर्ण भरली. मऊ तळाच्या, पट्ट्याच्या काळ्या चपला घालून कुशाबा बांधापर्यंत चालत गेले आणि चालत परत आले. घरातसुद्धा ते चपला काढत नाहीत. देवापुढं तेवढ्या काढतात, आणि तिथंही आधी खाली काही पडलंय का ते बघतात.

त्या आठवड्यात उत्कर्षानं इंटरनेटवरच्या त्या गटाला एक लांब पत्र लिहिलं. पाठवण्याआधी खाली येऊन वाचून दाखवलं. कढत पाण्याची चूक तिनं लपवली नव्हती. 'मी अकरा उत्तरं मागितली आणि त्यातलं खरं कोणतं हे ठरवायचं काम दुखणाईत माणसावर टाकलं,' असं लिहिलं होतं. नाशिकच्या बाईंचे आभार मानले होते. त्या बाईंचं उत्तर आलं, एकाच ओळीचं. 'माझ्या वडिलांच्या वेळी मला हे सांगणारं कुणी नव्हतं.' ती ओळ ऐकून सगुणाबाईंनी उत्कर्षाला विचारलं, "हिचं नाव काय गं?" उत्कर्षाला खरं नाव ठाऊक नव्हतं. सगुणाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. देवाला ठावं आसंल."

पुढं उत्कर्षाचं लग्न झालं आणि ती नागपूरला गेली. मी माणमध्येच राहिलो, आणि खरं सांगतो, खणातली ती अडगळ आता मला आठवतही नव्हती, इतकं काम होतं. रविवारी सगुणाबाई ओट्यावर बसायच्या आणि गावातली साखरेची माणसं तळवे दाखवायला यायची. वैद्यकी त्या करत नसत. फोटो काढायचा, ज्याचा त्याला दाखवायचा, काही दिसलं तर पौडची वाट दाखवायची, एवढंच. गेणबा, ज्यांच्या भावाचा पाय गेला होता, ते पुष्कळ दिवस आले नाहीत. एके रविवारी आले, म्हणाले, "माजं काय न्हाई, सहज आलोय." मग जरा वेळानं त्यांनी आपण होऊन वहाण काढली.

आता माझ्या शेवटच्या फोटोबद्दल सांगतो.

यंदाच्या, म्हणजे २०१० च्या संक्रांतीनंतरची गोष्ट. ओट्यावरची माणसं गेली होती. सगुणाबाई पाय पसरून भिंतीला टेकल्या आणि त्यांचा डोळा लागला. कुशाबा समोर बसले होते. त्यांनी मला उचललं. त्यांची बोटं जाड, एका वेळी दोन बटणं दाबायची. "मदलं, खाली..." ते पुटपुटले. बायकोच्या तोंडून इतके दिवस ऐकून त्यांनाही पाठ झालं होतं. माझा डोळा एव्हाना अंधुक झाला होता, तरी मी सारा जोर लावला.

त्यांनी सगुणाबाईंच्या टाचांचा फोटो काढला.

टाचा फुटलेल्या होत्या. नुसत्या फुटलेल्या नव्हे, उन्हाळ्यात वावराला पडतात तशा भेगा, दोन ठिकाणी रक्त सुकलेलं. किती महिन्यांचं दुखणं असेल. कुशाबा फोटोकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच हाक मारली, "अगं ए."

सगुणाबाई दचकून जाग्या झाल्या. "काय झालं? पाय दुखतोय?"

"माजा न्हाई. तुजा." त्यांनी मला पुढं केलं. "हे कवापासनं हाय?"

"हे व्हय? त्येचं काय येवढं. बायकांच्या टाचा फुटतातच."

"दुखत न्हाई?"

"दुखत्यात की."

"मग बोलली का न्हाईस?"

सगुणाबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. कुशाबा उठले, आत गेले. फडताळात बराच वेळ खुडबुड झाली. मग ते कोकमाच्या तेलाची वडी आणि पळी घेऊन आले. पळी निखाऱ्यावर धरून वडी वितळवली. ओतायच्या आधी एक थेंब मनगटावर टाकून बघितला, फार गरम नाही ना ते. मग खाली बसले, बायकोचा पाय मांडीवर घेतला.

"अवं, सोडा. कुनी बघंल."

"बघू दे," कुशाबा म्हणाले, आणि भेगांत तेल भरू लागले.

मित्रांनो, त्यानंतर माझा डोळा पार गेला. आता मी फोटो काढू शकत नाही. शेखरनं घरात नवा मोबाईल आणला आहे आणि तो माझ्याहून फार हुशार आहे. तुमच्याकडचा मोबाईलही सांभाळा. पाण्यात टाकू नका, त्याची बॅटरी फुगेपर्यंत त्याला राबवू नका. पण माझं मागणं याहून निराळं आहे. तुमच्या घरात कुणीतरी एक जण सगळ्यांची औषधं आठवणीनं देत असेल, पट्ट्या बांधत असेल, डॉक्टरांना फोन लावत असेल. आज घरी गेलात की त्या माणसापाशी खाली बसा, आणि म्हणा, "जरा पाय दाखव बघू."